चिखलाची वहिवाट

वाशीम जिल्ह्यात मोठं धरण नाही, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. आमचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. इथे पडलेला पाऊस एका अंगाने पैनगंगेतून गोदावरीकडे उतरतो, दुसऱ्या अंगाने काटेपूर्णेसारख्या नद्यांतून तापीच्या खोऱ्यात. दोन्हीकडे पाणी पाठवायचं आणि उन्हाळ्यात स्वतः आभाळाकडे बघायचं, असा हा जिल्हा. एकबुर्जी, सोनल, अडाण हे मध्यम प्रकल्प सोडले तर बाकी सगळे लघु तलाव, पाझर तलाव, गावतळी. रिसोड तालुक्यातलं माझं रिठद अशाच लहान तलावांच्या मुलखात येतं.

हे तलाव बघायला कुणी जात नाही. बघायला लोक लोणारला जातात. ते सरोवर आमच्यापासून लांब नाही, उल्केच्या आघातातून तयार झालंय आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. आमच्या तलावांना बहुतेक वेळा नीट नावही नसतं. अमक्या गावचा तलाव, एवढंच.

पण या तलावांत दरवर्षी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात ते भरतात आणि दिवाळीनंतर उतरायला लागतात. पाणी मागे सरकतं तशी काठची काळी ओली जमीन उघडी पडते. ती गाळपेर जमीन. पाणी हटेल तसं लोक तिच्यावर हरभरा, गहू, चारा, टरबूज लावत जातात. नांगरट नको, खत नको, पहिलं पाणीही नको. ही जमीन सरकारची असते, ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, आणि ज्यांच्या जमिनी तलावात गेल्या त्यांना आधी द्यावी असा दंडक आहे. २०१८ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी ती नाममात्र भाड्याने देण्याचा निर्णयही झाला होता.

पेरलेली जमीन आणि पाणी यांच्या मधे एक पट्टा उरतो. तो पेरण्याएवढा सुकलेला नसतो आणि पोहण्याएवढा खोलही नसतो. त्या पट्ट्यात तुताऱ्या असतात, चिखल्या असतात, मूठभर आकाराचे टिलवे असतात. लांब लाल पायांचा शेकाट्याही असतो, पण तो आपल्याकडे बारमाही. बाकीचे बहुतेक उत्तरेतून येतात. छोट्या टिलव्याचं वजन वीस-तीस ग्रॅम, आणि त्याची घरटी नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियाच्या टुंड्रापर्यंत कुठेतरी. वीस-तीस ग्रॅम म्हणजे दोन-तीन मोठे चमचे साखर. तेवढं वजन हिमालयाच्या पलीकडून येतं आणि रिसोड तालुक्यातल्या बिननावाच्या तलावाच्या काठावर चोच खुपसत फिरतं.

तो नेमका तिथेच का उतरतो, हे समजायला थोडं गणित लागतं. मी इंजिनिअर आहे, तेव्हा एवढं चालवून घ्या.

टिलव्याचे पाय आखूड. चार-एक सेंटिमीटरपेक्षा खोल पाण्यात त्याला चरता येत नाही. सुकलेल्या जमिनीतही येत नाही, कारण त्याचं खाणं, म्हणजे अळ्या, बारीक किडे, गांडुळासारखे जीव, मऊ चिखलातच असतं. म्हणजे त्याचं जग ० ते ४ सेंटिमीटर पाण्याचं. आता तलावाचा उतार शंभरास एक असेल, म्हणजे शंभर मीटर चाललं की एक मीटर खोली, तर त्या चार सेंटिमीटरचा पट्टा चार मीटर रुंद होतो. असा एक किलोमीटर काठ मिळाला तर जवळपास एक एकर चराऊ रान. शिवाय हिवाळ्यात नुसत्या बाष्पीभवनाने पाणी रोज काही मिलिमीटर उतरतं. पाच मिलिमीटर धरा. शंभरास एक उतारावर त्याचा अर्थ रोज अर्धा मीटर ताजा, कुणी न खाल्लेला चिखल. पक्ष्यासाठी रोज सकाळी नवं ताट मांडल्यासारखं.

आता हाच काठ यंत्राने उभा कापा, दोनास एक उतार ठेवा. तोच पट्टा आठ सेंटिमीटर रुंद उरतो. एक किलोमीटर काठाचा मिळून ८० चौरस मीटर. पुण्यातला एक टू-बीएचके.

पाणी तेवढंच असेल, कदाचित जास्तही असेल. तलाव लांबून आणखी भरलेला, आणखी सुंदर दिसेल. फोटो चांगला येईल. पक्षी मात्र उतरणार नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर जाणाऱ्यांना हे ठाऊक आहे. धरण काठोकाठ भरलेलं राहिलं त्या वर्षी रोहित उशिरा येतात, कारण उथळ दलदल अजून पाण्याखाली असते. आपण पाणपक्षी म्हणतो आणि त्यांना पाणी हवं असं गृहीत धरतो. यातल्या बऱ्याच जणांना पाणी नको असतं, पाण्याचं उतरणं हवं असतं.

हा उतरणारा काठ पक्ष्यांसाठी कुणी केला नाही, आणि माझा प्रश्न इथून सुरू होतो. तलाव सिंचनासाठी बांधला. दार उघडलं ते रब्बीच्या पाळीसाठी. मोटर लावली ती हरभऱ्यासाठी. म्हशी काठावर लोळल्या आणि गवत खाल्लं, ते त्यांना आवडतं म्हणून. या सगळ्याच्या बेरजेतून एक अधिवास तयार झाला, अगदी चुकून. मग चुकून दिलेल्या गोष्टीबद्दल आपण कुणाचं काही लागतो का? उद्या आपण आपल्याच कारणासाठी तलावाचा आकार बदलला आणि पक्ष्याचं रान गेलं, तर आपण काही हिरावून घेतलं असं म्हणता येईल का? की एक योगायोग संपला, एवढंच?

बहुतेक माणसांचं सहज उत्तर असतं की योगायोग संपला. मी कुणाला वचन दिलं नव्हतं, तर मी वचनभंग कसा केला?

माझ्या धंद्यात या प्रश्नाला एक नाव आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे त्याला हायरमचा नियम म्हणतात, गूगलमधल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावावरून. नियमाचा आशय असा: तुमची प्रणाली पुरेशी माणसं वापरू लागली, की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही. तुमच्या प्रणालीची जी जी वागणूक दिसते, तिच्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. उत्तर यायला लागणारा वेळ, यादीचा क्रम, अगदी एखादी चूकसुद्धा. ती चूक तुम्ही सुधारली की दूर कुठेतरी कुणाचं तरी दुकान बंद पडतं. लिनक्स कर्नलच्या जगात तर लिनस टोरवाल्ड्सने हे शिस्तीसारखं लावून धरलंय. कर्नल बदलल्यामुळे वापरणाऱ्याचा चालू प्रोग्राम मोडला तर दोष कर्नलचा. 'तू त्यावर विसंबायलाच नको होतंस' ही सबब चालत नाही.

म्हणजे कोरड्या समजल्या जाणाऱ्या आमच्या धंद्यानेही एक नैतिक गोष्ट मान्य केली आहे. वचन न देताही बांधिलकी तयार होते. ती दुसऱ्याच्या विसंबण्यातून होते.

अर्थात यात एक पळवाट आहे. ग्राहक तक्रार करतो म्हणून आम्ही ऐकतो. टिलव्याला तक्रार नोंदवता येत नाही. तो फक्त पुढच्या वर्षी येत नाही, आणि न येणाऱ्याची नोंद ठेवायला तलावाच्या काठावर कुणी बसलेलं नसतं.

त्यातच आपण त्याला पाहुणा म्हणतो. डिसेंबर आला की बातम्या सुरू होतात, 'विदेशी पाहुण्यांचे आगमन'. शब्द प्रेमाचा आहे, पण त्यात एक गोम आहे. पाहुण्याला हक्क नसतो, त्याचा पाहुणचार यजमानाच्या मर्जीवर असतो. शिवाय पाहुणा थोडे दिवस राहतो. टिलवा टुंड्रावर दोन-अडीच महिने असतो, अंडी-पिल्लांपुरता. वर्षाचा मोठा भाग त्याचा दक्षिणेत आणि वाटेत जातो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरला तो आपल्याकडे दिसू लागतो आणि एप्रिल-मेपर्यंत शेवटचे रेंगाळतात. मी पुण्यात नोकरी करतो. दिवाळी, एखादं लग्न, एखादा लाँग वीकेंड धरून वर्षाचे बारा-पंधरा दिवस गावात असतो. तरी आधार कार्डावर रिठद माझं आणि विदेशी तो.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. या कुळातल्या कित्येक जातींत आईबाप पिल्लांच्या आधी निघून जातात. पिल्लं काही आठवड्यांनी, वाट दाखवायला कुणी मोठं सोबत नसताना, आयुष्यात पहिल्यांदा हजारो किलोमीटर उडतात. दिशा आणि काळ त्यांच्या अंगातच लिहिलेला असतो. म्हणजे त्यांचं विसंबणं हा त्यांचा निर्णयही नाही. दुसरीकडे सोय बघ, असं त्यांना सांगता येत नाही.

पाहुणा नाही म्हटलं, तर मग कोण? मालक तर नक्कीच नाही. मला वाटतं यासाठी हवा तो शब्द शहरी पर्यावरणवाद्यांकडे नाही, तहसील कचेरीत आहे. वहिवाट.

गावात वाढलेल्यांना हा शब्द समजावायला नको, शहरातल्यांसाठी थोडक्यात. तुमच्या शेताला रस्ता नाही, म्हणून तुमचे आजोबा शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बैलगाडी नेत. शेजाऱ्याने कधी लिहून दिलं नाही, कधी अडवलंही नाही. मग एका वर्षी शेजाऱ्याचा मुलगा तारेचं कुंपण घालतो. जमीन त्याची, सातबारा त्याचा. तरी तुम्ही तहसीलदाराकडे दावा लावू शकता. १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो की उघडपणे, शांतपणे, खंड न पडता २० वर्षं वापर झाला तर त्या वापराचाच हक्क होतो. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षं. यात मालकी बदलत नाही. शेत शेजाऱ्याचंच राहतं. त्याने तिथे काय पेरावं हे तुम्ही सांगू शकत नाही. फक्त एवढंच, की जाण्यायेण्यापुरती पट्टी त्याने मोडू नये.

या कल्पनेचं शहाणपण मला जसजसं कळत गेलं तसा तिच्याबद्दलचा आदर वाढला. वचन नव्हतं, मोबदला नव्हता, हेतूही नव्हता. तरी कुणाचं तरी जगणं त्या वाटेवर उभं राहिलं, आणि तुम्ही ते बघत होतात. तेवढं पुरे.

आमच्या भागातले कित्येक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर झाले. त्यांना आता पन्नास वर्षं होतील. टिलव्याचं आयुष्य धरलं तर किती पिढ्या झाल्या बघा. उघडपणे, शांतपणे, खंड न पडता. कायदा पक्ष्याला दावा लावू देणार नाही हे मलाही कळतं. मी कायद्याचं बोलत नाही. कायद्याने ज्या शहाणपणावर हा नियम बांधला, त्याचं बोलतोय.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. तलावावर डासही विसंबून आहेत. त्यांचीही वहिवाट मानायची का? नाही. वहिवाट म्हणजे कोणतंही विसंबणं नव्हे. गावातला पंचही आधी विचारतो, याला दुसरी वाट आहे का, आणि याची मूळ वाट कुणी बंद केली? टिलव्याच्या बाबतीत दोन्ही उत्तरं आपल्यावर येतात. नद्या पूर्वी हिवाळ्यात हळूहळू आटत, डोह आणि वाळूचे पट्टे उघडे पडत. आपण वर पाणी अडवलं, खाली वाळू उपसली. तलावाचा काठ हा आपण दिलेला बोनस नाही. जे नदीवरून घेतलं, त्याची ती नकळत केलेली अर्धीमुर्धी भरपाई आहे.

हे सगळं मी गेल्या हिवाळ्यात माझ्या एका काकांना सांगितलं. ते गाळपेरीत हरभरा करतात. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तलाव झाला तवा माह्या बाची चार एकर गेली. काळी जमीन. तिची वहिवाट कोठी गेली, सांग बरं."

मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही पुरतं सुचलेलं नाही. पक्ष्यांविषयीच्या बहुतेक लिखाणात हा माणूस नसतो. असला तर 'मानवी हस्तक्षेप' या नावाने असतो. ज्याची जमीन पाण्याखाली गेली, तोच दरवर्षी पाणी हटायची वाट बघत आपल्याच जमिनीच्या काठावर भाड्याने पेरतो. त्याला आपण सांगायचं, जरा सरक, सायबेरियातून कुणीतरी आलंय. हे सांगणाऱ्याचं स्वतःचं काय जातंय?

राजस्थानात भरतपूरला हे घडून गेलंय. केवलादेव घना हे पाणथळ मुळात संस्थानिकांचं शिकारीचं रान. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून तिथे म्हशींची चराई बंद केली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचं नुकसानच झालं. म्हशी त्या पाणथळीचं काम फुकटात करत होत्या. ज्यांना शत्रू ठरवलं, ते त्या व्यवस्थेचा भाग होते. हे उदाहरण मी वारंवार देतो, कारण निसर्गप्रेमाने डोळे किती सहज झाकले जातात ते त्यात दिसतं.

चुकून तयार झालेलं पाणथळ ओळखून सांभाळल्याचंही उदाहरण आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मिन्समियर नावाची जागा आहे. १९४० मध्ये जर्मन फौजा उतरू नयेत म्हणून तिथली किनाऱ्यालगतची कुरणं मुद्दाम पाण्याखाली घातली. युद्ध संपलं, दलदल राहिली. आणि १९४७ मध्ये उचाट्या, ज्याची वीण ब्रिटनमधून शतकभरापूर्वी संपली होती, तिथे घरटी करायला परतला. हेतू हिटलरला अडवण्याचा, लाभ एका वाकड्या चोचीच्या पक्ष्याला. तिथल्या लोकांना योगायोग म्हणून तो सोडून देता आला असता. त्यांनी जागा भाडेपट्ट्याने घेतली, आणि १९६२ पासून बर्ट अ‍ॅक्सेल या व्यवस्थापकाने उथळ खोदाई करून, झडपा बसवून, ऋतूप्रमाणे पाणी चढवायची-उतरवायची सोय केली. युद्धात जे आपोआप झालं ते आता कुणाच्या तरी कामाच्या यादीत आलं. मला वाटतं जबाबदारी सुरू होते ती इथेच. कळेपर्यंत ती सुरू होत नाही, पण कळल्यावर ती टाळताही येत नाही. आणि आता न कळण्याची सोय फारशी राहिलेली नाही. ईबर्ड खिशात आहे. कोणत्या आठवड्यात कोणता पक्षी कुठे दिसला, हे मी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमध्ये बसून बघू शकतो.

हाच डेटा वापरून कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला, आणि इंजिनिअर म्हणून मी त्याच्यावर आधी फिदा झालो होतो. तिथल्या सेंट्रल व्हॅलीतली ९० टक्क्यांहून जास्त नैसर्गिक पाणथळ शेतीखाली गेली. २०१४ मध्ये द नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ईबर्डच्या नोंदींवरून हिशेब केला की किनारपक्ष्यांना कोणत्या आठवड्यांत कुठे उथळ पाणी लागतं. मग भातशेतकऱ्यांकडून उलटा लिलाव मागवला: तुमच्या रिकाम्या खाचरात अमुक आठवडे चार बोटं पाणी ठेवायला किती घ्याल? कमी बोलीवाल्यांची खाचरं घेतली. पहिल्याच मोसमात जवळपास दहा हजार एकर रान तयार झालं, आणि पक्षी उतरले. जमीन विकत घ्यायची नाही, शेतकऱ्याला हाकलायचं नाही, हवं तेव्हा हवं तेवढं भाड्याने. आम्ही क्लाउडवर सर्व्हर घेतो तसंच.

प्रयोग खरोखर चांगला आहे आणि काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. ज्याचं जातं त्याला पैसे द्या. पण जितका विचार करतो तितकं मला भाड्याचं काहीतरी खटकतं. सर्व्हरचं बिल थांबलं की सर्व्हर बंद होतो. देणगी आटली, लिलाव झाला नाही, तर त्या वर्षी पक्ष्याची काहीच बाजू उरत नाही. भाडं हे मर्जीचंच सभ्य रूप आहे. वहिवाट तशी नाही. शेजाऱ्याची मर्जी फिरली तरी ती टिकते, म्हणूनच ती वहिवाट.

मग इथे, आमच्या तलावांवर, वहिवाट मोडतो कोण? मी आधी गाळपेरीवाल्यांकडे संशयाने बघायचो. काकांनी तो संशय एका वाक्यात काढला. "जोवर पाय रुतते तोवर कोनी पेरत नाही, बाप्पा." पेरायला जमीन पाय पेलण्याइतकी घट्ट लागते. पक्ष्याला ती पाय रुतण्याइतकी मऊ लागते. म्हणजे एकच जमीन, आधी त्याची, आठ-दहा दिवसांनी काकांची, आणि तोवर पाणी आणखी मागे गेलेलं. दोघं एकामागून एक त्याच वाटेने चालतात. ही वाटणी कुठल्या तज्ज्ञाने केलेली नाही.

ती मोडायला लागली आहे यंत्राने. एक म्हणजे मोटरी. पाणी रोज अर्धं बोट उतरण्याऐवजी चार दिवसांत हातभर उतरलं की चिखल उघडा पडतो तसाच तडकतो, अळ्या वर येण्याआधी पापुद्रे. हे मार्च-एप्रिलमध्ये व्हायला नको, कारण परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवायचा तोच काळ.

दुसरं आणि मोठं म्हणजे पोकलेन. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तलावातला गाळ काढायचा, शेतात टाकायचा. शेजारच्या बुलढाण्यात महामार्गाच्या भरावासाठी तलावांतली माती नेली, तलाव खोल झाले, त्याला बुलढाणा पॅटर्न म्हणून नाव मिळालं. मी या कामांच्या विरोधात नाही. मुरमाड रानावर गाळ पडला की काय फरक पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्या जिल्ह्यात सिंचनाचा अनुशेष हा शब्द पोरांनाही पाठ आहे, तिथे खोल तलाव नको म्हणणं हा पुण्यात नळाखाली आंघोळ करणाऱ्याचा उद्धटपणा झाला.

गंमत अशी की वेळेचं भांडण इथे जवळपास नाहीच. गाळ निघतो एप्रिलअखेर ते जूनमध्ये, तोवर बहुतेक पक्षी गेलेले. भांडण आहे आकाराचं. ट्रॅक्टर जिथे सहज उतरतो तिथून खोदाई सुरू होते, आणि सहज उतरायची बाजू म्हणजे नेमकी उथळ बाजू, शंभरास एकवाली. तीच काठापासून सरळ उभी कापली जाते. तिथे पाणी साठवण तसंही थोडंच वाढतं, कारण तलावाचा खरा साठा भिंतीकडच्या खोल भागात असतो. मधे खोल करा, भिंतीकडे करा, आणि एक बाजू, एकच, निवांत उतरती राहू द्या. म्हशीलाही ती लागते. उभ्या काठावरून उतरताना ढोरं घसरतात, पोरं बुडतात. उतरता काठ हा फक्त पक्ष्याचा लाड नाही.

एवढी साधी गोष्ट होत का नाही, याचं उत्तर दुष्टपणात नाही. मोजमापात आहे. अशा कामात मोजतात ते घनमीटर. किती गाळ निघाला, किती ट्रॉल्या गेल्या, साठा किती वाढला. उतार कुणी मोजत नाही. जे मोजत नाही ते बिलात येत नाही, आणि बिलात नाही ते पोकलेनवाल्याने का करावं? आणि कायदाही इथे हात झटकतो. पाणथळ संवर्धनाचे २०१७ चे केंद्राचे नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना पाणथळ मानतच नाहीत. गंमत बघा, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, हे गोदावरीवरच्या पाटबंधाऱ्याच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालंय. मोठं झालं, प्रसिद्ध झालं, म्हणून त्याला मान. बिननावाच्या तलावाला तो बांधला कशासाठी यावरून कायमचं ओळखायचं, तिथे पन्नास वर्षं काय होत आलंय यावरून नाही. वहिवाटीचा कायदा मानणाऱ्या देशात हा तर्क मला अजब वाटतो.

काकांच्या प्रश्नाकडे परत येतो. त्यांच्या बापाची चार एकर आणि टिलव्याचा चार मीटरचा पट्टा, या दोन गोष्टी एका तराजूत घालून एकीने दुसरी कापायची, हे मला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली आहे. कागदावर ज्याचं नाव नाही त्याचं जगणं हिशेबाबाहेर राहिलं. काकांच्या वडिलांना निदान मोबदला म्हणून काही मिळालं, कमी का होईना, आणि गाळपेरीत पहिला हक्क मिळाला. म्हणजे व्यवस्थेने उशिरा, कद्रूपणे, पण मानलं की इथे कुणीतरी होतं. पक्ष्यासाठीही मी तेवढंच मागतोय. अंदाजपत्रकात घनमीटरच्या खाली एक ओळ: एका बाजूचा उतार राखणे.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या तलावातला गाळ निघणार असं गावात बोललं जातंय. काकांना वरच्या रानात टाकायला शंभरेक ट्रॉल्या हव्यात. परवा फोनवर मी त्यांना उताराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणत्या बाजूचा. मी म्हणालो, गाळपेरीची बाजू तशीच ठेवायला सांगा, तुमचा हरभराही राहील.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव. पन गाळ तर तितलाच चांगला हाय ना."